वारुळावरची अळंबी आणि हिरवळीवरची छत्री



आषाढाची झड ओसरून दोन दिवस ऊन पडले, की काल संध्याकाळपर्यंत जेथे नुसती माती होती तेथे सकाळी पांढऱ्या छत्र्यांचा मेळा भरलेला दिसतो. कोकणात आणि घाटावर आपण तिला अळंबी म्हणतो. विदर्भाच्या झाडीपट्टीत सात्या आणि टेकोडे यांची वाट पाहिली जाते. छत्तीसगढात तोच फुटू होतो, झारखंडात खुखडी, बंगाल-ओडिशात छातू. नावे निराळी असली तरी कौतुक सगळीकडे सारखेच. आणि जी उगवण आपल्या परिचयाची नसते तिला आपण सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो आणि पायाने उडवून मोकळे होतो. खाण्याजोगी कोणती आणि टाकण्याजोगी कोणती, हा भेद इतका सोपा आहे अशी माझीही पुष्कळ दिवस समजूत होती. ती ज्या प्रसंगाने मोडली तो आधी सांगतो.

माझ्या परिचयाचे रत्नागिरीकडील एक कुटुंब बदलीमुळे दूरच्या एका राज्यात, कारखान्याच्या वसाहतीत राहावयास गेले. घरात पती-पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. घरांसमोर हिरवळीचे मोठे पटांगण होते. पावसाळ्यातील एका सकाळी धाकट्या नातवाने तेथून सदऱ्याच्या झोळीत भरून पांढऱ्या कळ्या आणल्या. आजींनी त्या हातात घेऊन पाहिल्या, वास घेतला, एक कळी चिरून आतला भाग पाहिला. तो पांढराशुभ्र होता. “अगो बाई, ही तर आपल्याकडची अळंबीच!” असे म्हणून त्यांनी ती कांद्याखोबऱ्याच्या वाटणात स्वतःच्या हाताने शिजविली. जेवणानंतर दोन तासांच्या आत घरातील पाचही माणसांना उलट्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ जुलाब. धाकटा मुलगा संध्याकाळपर्यंत इतका गळून गेला की त्याला उचलून रुग्णालयात न्यावे लागले. शिरेतून सलाइन दिल्यावर सारे सावरले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. आजींना मात्र आजारापेक्षा अपमान अधिक लागला. साठ वर्षे त्यांनी अळंबी निवडली होती. “माझ्या हातून एकदा तरी अशी चूक झाली होती का रे?” असे त्या मुलाला पुनःपुन्हा विचारीत, आणि त्याला ‘नाही’ एवढेच उत्तर देता येई.

आजींचे म्हणणे खरेच होते. त्यांचे ज्ञान कच्चे नव्हते. ते त्यांच्या गावचे होते. गावी त्यांना केवळ अळंबी ठाऊक नव्हती. ती कोणत्या वारुळापाशी येते, कोणत्या आठवड्यात येते, उपटताना हाताला कसा ताण लागतो, हे सारे त्या न सांगता पाहत असत. वसाहतीच्या हिरवळीवर यांपैकी कोणतीच खूण त्यांच्यासोबत नव्हती. उरला होता तो फक्त चेहरा. आणि ज्या दोन कवकांविषयी आज लिहावयाचे आहे त्यांचा बालपणीचा चेहराच तेवढा सारखा असतो. बाकी त्यांच्यात काडीचेही साम्य नाही.

प्रथम वारुळावरची पाहू. शास्त्रीय परिभाषेत हा टर्मिटोमायसेस नावाचा वंश. रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये तो स्थापिला आणि पुढे १९७९ मध्ये दक्षिण भारतातील एका जातीचे वर्णन करताना नटराजन यांनी तिला हाइम यांचेच नाव दिले. या वंशातील कवके वाळवीवाचून जगत नाहीत. आपल्या घरातील दारे-खिडक्या पोखरणाऱ्या वाळवीविषयी कोणाच्या मनात प्रेम असावयाचे कारण नाही, हे मला मान्य आहे. तथापि जमिनीखाली तिचे जे घर असते ते पाहिले म्हणजे राग थोडा वेळ बाजूस ठेवावा लागतो. लाकडातील व पाचोळ्यातील चिवट भाग वाळवीला एकटीला पचविता येत नाही. म्हणून ती चघळलेला पाला पोटातून चटकन बाहेर टाकते आणि त्याची स्पंजासारखी सच्छिद्र पोळी रचते. त्या पोळ्यांवर हे कवक वाढते, पाल्याचा चिवटपणा मोडते आणि मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे मणी धरते. हे मणी आणि मऊ झालेले पोळे हे वाळवीचे अन्न. एका अंगाने पोळे खाऊन संपत असते आणि दुसऱ्या अंगाने नवा पाला रचला जात असतो. ही सरळसरळ शेतीच होय. माणसाला शेती करू लागून दहाबारा हजार वर्षे झाली असतील. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे असे शास्त्रज्ञ मानतात.

पावसाने जमीन खोलवर मुरली, म्हणजे त्या अंधाऱ्या पोळ्यातून एक दांडा वर चढू लागतो. पोळे जितके खोल तितका हा दांडा लांब. कधी वीतभर, कधी हातभर. त्याच्या टोकाशी मिटलेल्या छत्रीच्या मध्यावर एक टणक टोक असते, आणि त्याने ती घट्ट माती भेदीत वर येते. छत्री उघडल्यावरही ते टोक मध्यभागी उंचवट्याच्या रूपाने राहते. जमिनीखालचा दांडा निमुळता होत जातो आणि मुळासारखा दिसतो. त्याला मूळ म्हणणे चूक आहे, कारण कवकांना मुळे नसतात. परंतु आपल्या कामापुरते त्याला मूळ म्हणावयास हरकत नाही. आजींच्या हाताला गावी जो ताण लागे तो या मुळाचा. उपटताना ती सहज हातात येत नाही. ती ओढ घेते, आणि येते तेव्हा उंदराच्या शेपटीसारखे लांब टोक घेऊन येते.

गोव्यात हिला ‘रोयण अळमी’ म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. नावातच पत्ता सांगून ठेवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. धिंगरी अळंबी जशी भाताच्या पेंढ्यावर घरच्या घरी लावता येते तशी ही लावता येत नाही, कारण तिच्यासाठी आधी वाळवीचा संसार थाटावा लागेल! म्हणूनच पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानात बांधलेला तिचा वाटा इतका महाग मिळतो.

आता हिरवळीवरची पाहू. हिचे नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. मायर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील एसेक्विबो नदीच्या प्रदेशातून तिचे प्रथम वर्णन केले. नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘हिरवी पाने’ असा आहे, आणि ही पाने कोणती ते पुढे येईलच. आज ही छत्री जगातील बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत, आपल्या देशातही ठिकठिकाणी, उगवते. तिला वाळवीशी कर्तव्य नाही. कुजलेले गवत आणि खत घातलेली माती तिला पुरते. म्हणजेच बागा, शाळांची मैदाने, कार्यालयांपुढील हिरवळ, कारखान्यांच्या वसाहती, ही तिची आवडती ठिकाणे. माणूस जेथे हौसेने गवत राखतो तेथे ती त्याच्या मागोमाग येते. पुष्कळदा ती वर्तुळाकार रांगेत उगवते. जमिनीतील तिचे तंतू मध्यापासून सर्व दिशांना सारख्या गतीने पसरत असतात आणि छत्र्या कडेवर येतात, म्हणून हे वर्तुळ.

तिची कळी गोलसर, ढोल वाजविण्याच्या टिपरीच्या बोंडासारखी. उघडल्यावर छत्र वीतभर रुंद होते, कधी त्याहूनही मोठे. पांढऱ्या छत्रावर मध्यभागी तपकिरी खवले असतात, दांड्यावर वर-खाली सरकविता येणारे एक कडे असते आणि दांड्याचा बुंधा किंचित फुगलेला असून तो मातीत वरच्यावर टेकलेला असतो. तिला ओढले की ती विनातक्रार हातात येते. खाली शेपूट नसते.

येथे चौकस वाचक म्हणतील की एवढे भेद असता चूक होतेच कशी? होते ती अशी. छत्रावरचे तपकिरी खवले वरवरचे असतात आणि जोराच्या पावसात धुऊन जातात. दांड्यावरच्या कड्यावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण नुकत्याच उल्लेखिलेल्या हाइमांच्या नावाच्या खाद्य जातीलाही कडे असते. जागेची साक्षसुद्धा पुरेशी नाही. वाळवीच्या कित्येक जाती उंच वारूळ बांधीतच नाहीत, त्यांची पोळी सपाट जमिनीखाली दडलेली असतात. तेव्हा अस्सल अळंबी मोकळ्या माळावरही उगवू शकते. उलट वारुळाशेजारच्या गवतात हिरवळीवरची छत्री येणार नाही असा काही करार झालेला नाही.

सर्वांत मोठी फसगत पात्यांची. छत्राच्या खालच्या अंगाला वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे दाटीने लावलेले असतात, त्यांना मी पाती म्हणतो. हिरवळीवरच्या छत्रीची पाती जून झाल्यावर राखी-हिरवी होतात. नावातील ‘हिरवी पाने’ ती हीच. परंतु हा रंग पात्यांवर पिकणाऱ्या बीजुकांचा असतो, आणि बीजुके पिकण्यास वेळ लागतो. तोवर पाती पांढरीशुभ्र राहतात. आता आपली खाण्याची रीत पाहा. आपल्याला कळ्या हव्या असतात, कोवळ्या, न उघडलेल्या. म्हणजे ज्या वयात ही छत्री स्वतःची ओळख लपवून असते नेमक्या त्याच वयात आपण तिला चुलीवर चढवितो. आजींनी कळी चिरून पाहिली तेव्हा त्यांना हिरवेपणा दिसला नाही, यात त्यांच्या डोळ्यांचा दोष नव्हता. तो तेथे अजून आलाच नव्हता.

या छत्रीच्या विषाने माणूस सहसा मरत नाही. एक ते तीन तासांत उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, क्वचित रक्तमिश्रित. शरीरातील पाणी इतके जाते की लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत हयगय केल्यास जिवावर बेतू शकते. त्यातील एक विषारी घटक उष्णतेने काही अंशी निकामी होतो असे आढळले आहे आणि त्यामुळे धोका कमी होण्याऐवजी गैरसमज वाढतो. एखाद्या घरी फार वेळ शिजविलेली पचून जाते, आणि ‘आम्ही तर खाल्ली, काही झाले नाही’ ही वार्ता शेजारच्या घरी जाऊन पोहोचते.

हिच्याहून कितीतरी भयंकर असा एक तिसरा वंश आहे, अमॅनिटा. आजचा विषय दोघींचा असला तरी त्याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. त्यातील काही जाती खाद्य आहेत, पण काहींमध्ये अमॅटॉक्सिन नावाचे विष असते. ते शिजवून, वाळवून वा मिठात घालून जात नाही. २०२२ च्या एप्रिल महिन्यात वरच्या आसामात रानातील विषारी अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यांवरील कुटुंबांतील होती. अमॅनिटाच्या विषारी जातींची पाती पांढरी असतात आणि जूनपणीही पांढरीच राहतात. तिची खरी खूण दांड्याच्या बुंध्याशी असते. तेथे फाटक्या पिशवीसारखे एक आवरण मातीत दडलेले असते. सुरीने वरच्यावर दांडा कापून घेणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. तेव्हा अनोळखी अळंबी निरखावयाची असल्यास ती कापू नये; शेजारची माती काडीने उकरून एक तरी सबंध बाहेर काढून पाहावी. कुदळीने मात्र खणू नये, कारण त्यात खालची पोळी उद्ध्वस्त होतात आणि पुढील वर्षीचे पीक जाते.

आता घरोघरी चालणाऱ्या परीक्षा. चांदीचे नाणे पातेल्यात टाकावे आणि ते काळे पडले तर अळंबी विषारी समजावी. लसूण निळी होते का पाहावे. तांदळाचे दाणे रंग बदलतात का पाहावे. किड्यांनी खाल्लेली असेल ती माणसाला चालते. हळद आणि चिंच घातली की विष उतरते. यांतील एकही परीक्षा खरी नाही. चांदी गंधकाने काळी पडते, आणि अळंबीतील विषांचा चांदीशी काही संबंध नाही. किड्यांचे म्हणावे तर अमॅनिटाच्या विषारी जातींवर माशांच्या काही अळ्या खुशाल वाढतात. या परीक्षा वडीलधाऱ्यांच्या तोंडून येतात, म्हणून त्यांना नाही म्हणताना संकोच वाटतो. तो बाजूस ठेवावा.

चूक झालीच तर काय करावे, तेही येथेच सांगतो. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत किती वेळ गेला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा तो पोटापुरता आजार असतो, तरीही उपचार हवेतच. सहा तास वा त्याहून अधिक, पुष्कळदा दहाबारा तास काहीच न होता मग त्रास सुरू झाला, तर प्रसंग फार गंभीर समजावा. अशा विषबाधेत दुसऱ्या दिवशी रोग्याला बरे वाटू लागते, घरची माणसे निर्धास्त होतात, आणि त्याच काळात त्याचे यकृत निकामी होत असते. म्हणून उतार पडला तरी रुग्णालय सोडू नये. एका पातेल्यातून जेवलेल्या सर्वांना न्यावे, ज्यांना काही होत नाही त्यांनाही. आणि घरात उरलेली कच्ची अळंबी, तिची टरफले, शिजविलेला रस्सा, जे असेल ते फेकून न देता कागदात वा भांड्यात घालून सोबत न्यावे.

राहता राहिली बीजुकांची साक्ष. घरच्या मुलांना ती सहज पाहता येते, फक्त ती पाहून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि अळंबी टाकून द्यावी. पूर्ण उघडलेली एक छत्री घ्यावी, दांडा काढून टाकावा आणि छत्र पाती खाली येतील असे कागदावर ठेवावे. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असल्यास उत्तम, कारण पांढरी पूड पांढऱ्यावर दिसत नाही. वर एक वाटी पालथी घालून रात्रभर हलवू नये. सकाळी वाटी उचलली की पात्यांची हुबेहूब नक्षी बारीक पुडीने कागदावर उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीची नक्षी फिकट गुलाबी उमटते, हिरवळीवरच्या छत्रीची मळकट हिरवी, अमॅनिटाची पांढरी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हिरवी किंवा पांढरी नक्षी आली तर ती छत्री वारुळावरची अळंबी नव्हे एवढे निश्चित. परंतु गुलाबी आली म्हणून ती खाण्याजोगी ठरत नाही, कारण गुलाबी बीजुकांच्या विषारी छत्र्याही रानात आहेत. हा साक्षीदार ‘नाही’ खात्रीने सांगतो. ‘होय’ म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. आणि मिटलेली कळी तर नक्षी देतच नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा साक्षीदारही मुका आहे. हिरवळीवरून आणलेली कळी कोणत्याही कारणाने घरात शिजवू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

ही नक्षी नुसती शोभेची नव्हे. वाळवीची नवी जोडी जेव्हा नवे घर करते तेव्हा बहुतेक जातींत हे कवक ती सोबत नेत नाही. पहिल्या कामकरी वाळव्या बाहेरून पाला आणतात, त्या पाल्याबरोबर उघडलेल्या अळंबीतून उडालेली बीजुके आत येतात, आणि नव्या पोळ्याला विरजण लागते. एका वारुळावरच्या सगळ्या कळ्या दरवर्षी खुडून बाजारात गेल्या, तर विरजणाला काही उरावयाचे नाही.

पुढल्या पावसाळ्यात त्या वसाहतीतील नातवंडांनी हिरवळीवरून एक मोठी उघडी छत्री आणून आजींच्या देखत असा कागद तयार केला. सकाळी वाटी उचलल्यावर शेवाळासारखी हिरवी नक्षी निघाली. आजींनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली, आणि मग गावी वारुळाजवळच्या अळंबीतील चारसहा तरी उघडू देऊन तशाच सोडण्याची त्यांच्या सासूबाईंची रीत होती, ती नातवंडांना सांगितली. ‘ती वारुळाची,’ असे सासूबाई म्हणत. ती का सोडावयाची हे त्यांनी कधी विचारले नव्हते.